सामाजिकशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश : पात्रता, कागदपत्रं आणि सिनॉप्सिस

पीएच.डी. प्रवेशाची जाहिरात निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माझे एवढे टक्के आहेत, चालेल का?" टक्क्यांचं उत्तर एका ओळीत देता येतं. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयांत अर्ज अडतो तो बहुतेक वेळा सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, आणि त्याची तयारी सगळ्यात शेवटी सुरू होते.

आधी पात्रता. सध्या यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२चे पीएच.डी. नियम लागू आहेत. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असेल तर किमान ५५ टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी. करायची असेल तर ७५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट आहे. एम.फिल. आता बंद झालं आहे, त्यामुळे त्या वाटेची वाट पाहू नका.

टक्क्यांनंतर येते प्रवेश परीक्षा. जून २०२४पासून नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह (संशोधनासाठीच्या अधिछात्रवृत्तीसह) पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी.साठी पात्र, आणि फक्त पीएच.डी.साठी पात्र. जेआरएफवाल्यांना थेट मुलाखत असते. उरलेल्या दोन गटांची गुणवत्ता यादी नेटचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के धरून लागते, आणि हे नेटचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. विद्यापीठाची स्वतःची परीक्षा, म्हणजे पेट असेल तर तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. विषयाची तयारी मुलं मनापासून करतात. नमुना निवड, गृहीतक, मुलाखतीचं तंत्र हा भाग मात्र आदल्या आठवड्यावर ढकलतात आणि तिथेच गुण जातात.

आता सिनॉप्सिस. 'ऊसतोड कामगार महिलांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास' असा विषय घेऊन मुलाखतीला गेलात तर पहिलाच प्रश्न येईल, कुठल्या महिला आणि कुठली समस्या? तोच विषय असा बांधून पाहा : बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली गावं, नवरा-बायको मिळून एक कोयता (म्हणजे मजुरांची एक जोडी), मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि प्रश्न एवढाच की उचल किती घ्यायची हे घरात कोण ठरवतं आणि ती फेडताना बाईच्या श्रमाचा हिशोब कुठे लागतो. आता माहिती कुणाकडून घ्यायची हे कळतं. माणसं गावात कधी असतात तेही आधीच पाहावं लागतं, कारण दिवाळीच्या आसपास माणसं ऊसतोडीला जातात आणि गाव रिकामं होतं. सिनॉप्सिसमध्ये हे वेळापत्रक लिहिलेलं दिसलं की उमेदवाराने विषय जवळून पाहिलाय हे समितीला लगेच कळतं. मागचं संशोधन धुंडाळायला शोधगंगा हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार आहे. तिथे प्रबंध मोफत वाचता येतात. तुमच्या विषयाजवळचे निदान पाच-सहा तरी वाचाच.

गाईडची, म्हणजे संशोधन मार्गदर्शकाची चौकशी अर्जाआधी करा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. जागा रिकामी आहे म्हणून विषय बदलू नका, हे मी कळकळीने सांगतो. नको असलेल्या विषयाबरोबर सहा वर्षं काढणं फार जड जातं.

कागदपत्रांत दहावीपासून पदव्युत्तरपर्यंतच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, नेट किंवा पेटचा निकाल, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता, आणि दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन (स्थलांतर प्रमाणपत्र) लागतं. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून जुनी प्रत जोडण्याआधी तारीख बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवावी. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, एवढ्यावरून पडताळणीच्या टेबलावरून परत फिरावं लागतं, आणि ते पाहून फार वाईट वाटतं. नोकरी सांभाळून अर्धवेळ करणाऱ्यांना कार्यालयाचं ना हरकत पत्र लागतं. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (प्रवेशानंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळं केलं जाईल, असं त्यात लिहून घ्या.

पैशाचंही बघा. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. जेआरएफ नसेल तर महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिराती वेगळ्या निघतात आणि अर्जही वेगळा करावा लागतो.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क असतं. त्यात संशोधन नीतिमत्तेचा भाग सक्तीचा आहे, आणि कोर्सवर्कला ५५ टक्के लागतात. एकूण मुदत कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं. पुनर्नोंदणी केली तर आणखी २ वर्षं मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षं मिळतात. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते.