गल्फचं मेडिकल वेगळं, स्वतःची तपासणी वेगळी

सोलापुरातून दुबई, सौदीला निघालेल्या वेल्डर, ड्रायव्हर पोरांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : 'मेडिकल फिट आलंय, आता टेन्शन नाही.' हे टेन्शन जाणं मला घातक वाटतं.

गल्फचं मेडिकल होतं ते त्या देशासाठी. रक्त घेतात, छातीचा एक्स-रे काढतात. एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, गरमी म्हणजे सिफिलिस, टीबी बघतात आणि फिट की अनफिट ठरवतात. परमा म्हणजे गनोरिया किंवा क्लॅमिडिया त्यात सहसा नसतातच. शिवाय संबंध आल्यावर एचआयव्ही रक्तात लगेच दिसत नाही. रॅपिड टेस्टमध्ये (झटपट रिपोर्ट देणाऱ्या तपासणीत) तो दिसायला संबंधानंतर २३ ते ९० दिवस लागू शकतात. मागच्या आठवड्यात जोखीम घेतलेला माणूस आज आरामात 'फिट' येतो आणि त्याच भरवशावर बायकोजवळ जातो.

स्वतःची तपासणी करायची तर सिव्हिलमधलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीसाठी समुपदेशन आणि तपासणी करणारं सरकारी केंद्र गाठा. तिथं एचआयव्हीची तपासणी फुकट होते. समुपदेशक एकट्याला बसवून विचारतात : शेवटचा संबंध कधी आला, कंडोम होता का, पुन्हा कधी तपासायचं. मग तुमची संमती घेऊन रक्त घेतात. एका किटवर पॉझिटिव्ह दिसलं म्हणून हातात रिपोर्ट देत नाहीत, आणखी दोन वेगळ्या किटवर पडताळतात. निदान पक्कं झालं तर एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधंही मोफत मिळतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि एजंटाचा तर इथं संबंधच येत नाही. लघवीला जळजळ, पू किंवा जागेवर जखम असेल तर गुप्तरोगांचं सुरक्षा क्लिनिक विचारा. फोनवरच बोलायचं असेल तर एचआयव्हीची हेल्पलाइन १०९७, तीही मोफत.

तिकडे गेल्यावर मात्र देशादेशांत फरक पडतो. यूएई, सौदीत परदेशी कामगाराला एचआयव्ही निघाला तर परत पाठवतात, म्हणून माणसं भिऊन दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांनी निदान सुट्टीवर आल्यावर तरी इथं तपासून घ्यावं, आणि जमलं तर जोडीनं. जर्मनीत शिकायला गेलेल्यांना एवढं भ्यायचं कारण नाही. तिथल्या सरकारी आरोग्य कार्यालयात, म्हणजे गेझुंडहाइट्सआम्टमध्ये, नाव न सांगता एचआयव्हीची तपासणी होते. इंग्लंडमध्ये तर २०१२ पासून परदेशी माणसालाही एचआयव्हीचे उपचार मोफत आहेत.

एका बाबतीत सुट्टीची वाट बघून चालत नाही. कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर संसर्ग टाळणारी पेप नावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढं २८ दिवस रोज घ्यावी लागतात.