डोमेन वेगळं, होस्टिंग वेगळं. आधी नाव कुणाच्या नावावर आहे ते बघा

देवगडचा हापूस थेट गिऱ्हाइकाला पाठवायचा असो की गुहागरच्या होमस्टेच्या दोन खोल्या भरायच्या असोत, वेबसाइट आता सगळ्यांनाच हवी असते. गणपतीला मुंबईचा भाचा येतो, फोनवरूनच पैसे भरतो आणि सांगतो, "मामा, झाली तुमची साइट." त्या एका बिलात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे मामाला कुणी सांगतच नाही.

डोमेन म्हणजे साइटचं नाव, शेवटी डॉट कॉम, डॉट इन वगैरे लागतं ते. ते कायमचं विकत मिळत नाही. वर्षाच्या हिशेबानं घ्यायचं, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षं, आणि मुदत संपण्याआधी पुन्हा पैसे भरायचे. ही नोंद करून देणारी कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. देवनागरीतलं 'डॉट भारत'सुद्धा 2014 पासून मिळतं. हौस म्हणून जरूर घ्या, पण फोनवर सांगायला आणि गिऱ्हाइकाला टाइप करायला डॉट इन किंवा डॉट कॉमच सोपं.

होस्टिंग म्हणजे तुमचे फोटो, दर, मजकूर जिथे साठवलेले असतात ती जागा. रात्रंदिवस चालू असलेला कुठल्या तरी डेटा सेंटरमधला कॉम्प्युटर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दापोलीकडची वीज घालवली, तेव्हाही इथल्या लोकांच्या साइट उघडत होत्या त्या याचमुळे. (मालकाचा फोन लागत नव्हता, ती गोष्ट वेगळी.)

घोळ होतो तो 'होस्टिंग घ्या, वर्षभर डोमेन फुकट' या पॅकेजमुळे. एकाच कंपनीत दोन्ही घेतलं की ते एकच वाटतं. पहिल्या वर्षीचा आकडा बघून खूश होऊ नका, खाली बारीक अक्षरात रिन्यूअलचा दर असतो तो वाचा. दुसऱ्या वर्षी बिल दुप्पट-तिप्पट झालेलं बघून मग भाच्याशी भांडण नको.

माझ्या मते यातलं जपायचं ते डोमेन. होस्टिंग बिघडलं तर बॅकअप घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं, येणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नाव गेलं तर आंब्याच्या पेटीवर छापलेलं, रस्त्यावरच्या बोर्डावर रंगवलेलं, सगळं फुकट. डॉट कॉमची मुदत संपली की सहसा काही दिवस नेहमीच्या दरात सोडवता येतं, पुढचे 30 दिवस जबर दंड भरून, आणि त्यानंतर ते कुणीही उचलू शकतो.

म्हणून डोमेनचं सातबाऱ्यासारखं आहे: पैसे कुणी भरले यापेक्षा नोंद कुणाच्या नावावर आहे हे महत्त्वाचं. रजिस्ट्रारच्या खात्यात 'रजिस्ट्रंट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे ज्याच्या नावावर नोंद आहे तो; तिथे तुमचं नाव, तुमचा ईमेल आणि ओटीपी येणारा तुमचा मोबाइल हवा. भाच्याचा ईमेल असेल तर सूचना त्याला जाणार, आणि तो नोकरीच्या गडबडीत असणार. साइट कुणा डिझायनरनं केली असेल तर हे पहिल्याच दिवशी तपासा. पुढे बिनसलं की खात्याचा पासवर्ड मिळता मिळत नाही.

टेक्निकल काहीच येत नसेल तर होस्टिंगवर सुरुवातीला एक पैसाही घालवू नका. ब्लॉगर ही ब्लॉग काढून देणारी सेवा फुकट आहे. 2003 पासून ते गूगलकडे आहे. तिथे ब्लॉग काढा, डोमेन तेवढं विकत घ्या आणि जोडा. जोडायचं म्हणजे रजिस्ट्रारच्या डीएनएस पानावर (नाव टाइप केल्यावर कुठे जायचं याच्या नोंदी तिथे असतात) 'सीनेम' या प्रकारच्या नोंदीच्या दोन ओळी भरायच्या. एकीत डावीकडे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि उजवीकडे जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम. दुसरी ब्लॉगर स्वतः दाखवतो, ती जशीच्या तशी कॉपी करायची. लगेच उघडलं नाही तर घाबरू नका, कधी एक-दोन दिवसही लागतात.

फोटो, दर, यायचा रस्ता आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर एवढ्यासाठी हे भरपूर आहे. साइटवरच बुकिंग आणि पैसे घ्यायचे झाले की मग वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि विकतचं होस्टिंग घ्या. नाव तेच राहतं, फक्त डीएनएसच्या नोंदी बदलतात. मात्र ते काम मे महिन्यात काढू नका. पावसाळ्यात, खोल्या रिकाम्या असताना करा.