बाय बाय लिबर्टी (ल्युपँ मालिका)

जपानी सचेतपटमालिका 'ल्युपँ तिसरा' (जपानी उच्चार 'रुपान सान्सेइ') हिच्यातील पहिला दूरचित्रवाणी चित्रपट. निप्पॉन टेलिव्हिजनवर तो १ एप्रिल १९८९ रोजी दाखवला गेला. दिग्दर्शक ओसामु देझाकी, संगीतकार युजी ओनो आणि निर्मिती टोकियो मूव्ही शिन्शा या संस्थेची.

मूळ कथानायक ल्युपँ हा मंकी पंच या टोपणनावाने चित्रे काढणाऱ्या काझुहिको कातो (१९३७–२०१९) यांचा. १९६७ साली 'मांगा अ‍ॅक्शन' या चित्रकथांच्या साप्ताहिकातून तो वाचकांसमोर आला. मोरिस लब्लाँ या फ्रेंच लेखकाच्या आर्सेन ल्युपँ या सभ्य चोराचा हा नातू. त्याच्या जोडीला नेमबाज जिगेन, तलवारबहाद्दर गोएमोन आणि कधी साथ देणारी, कधी हातावर तुरी देऊन माल लांबवणारी फुजिको. गोएमोन हा सोळाव्या शतकातील इशिकावा गोएमोनचा तेरावा वंशज असल्याचे सांगितले जाते. तो मूळचा गोएमोन खराखुरा दरोडेखोर होता आणि १५९४ साली त्याला कढईत उकळून मारण्यात आले. या चौकडीच्या मागावर इंटरपोलचा इन्स्पेक्टर झेनिगाता. ल्युपँला पकडणे हेच त्याचे आयुष्य, त्यामुळे चोर सापडला तर या बिचाऱ्याने करायचे काय, हा प्रश्न प्रेक्षकाला पडतोच.

१९८९ पर्यंत या मंडळींच्या तीन मालिका झाल्या होत्या. १९७१ च्या पहिलीचे जेमतेम २३ भाग निघाले, तर १९७७ पासूनची दुसरी १५५ भाग चालली. तिसरी १९८५ मध्ये संपली, आणि १९८७ च्या चित्रपटात पात्रांना नेहमीपेक्षा वेगळे आवाज दिले गेले. त्यामुळे 'बाय बाय लिबर्टी'मध्ये यासुओ यामादा (ल्युपँ), कियोशी कोबायाशी (जिगेन), माकिओ इनोउए (गोएमोन), एइको मासुयामा (फुजिको) आणि गोरो नाया (झेनिगाता) हे ओळखीचे आवाज पुन्हा ऐकू आले, तेव्हा माहेरची माणसे परतल्यासारखे वाटले असणार.

कथेची सुरुवात गमतीची आहे. इंटरपोलने ल्युपँची सगळी माहिती संगणकात भरली आहे आणि त्याची पुढची चाल यंत्र आधीच सांगू शकते. हे कळल्यावर हा अट्टल चोर चक्क निवृत्त व्हायला निघतो. मग जिगेन 'सुपर एग' नावाच्या प्रचंड हिऱ्याची बातमी आणतो. हिरा न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात दडलेला आहे, आणि तो नेमका कुठे हे शोधत बसण्यापेक्षा ल्युपँ पुतळाच उचलायचे ठरवतो. मायकेल हा संगणकात तरबेज पोरगा, एक गुप्त मंडळ आणि संगणकातील विषाणू असे आणखी धागेही आहेत. खरे तर ते जरा जास्तच झाले आहेत. उत्तरार्धात गुंता होतो. पण विषाणूचा विषय तेव्हा ताजा होता: नोव्हेंबर १९८८ मध्येच 'मॉरिस वर्म' या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने अमेरिकेतील हजारो संगणक ठप्प केले होते.

पुतळ्याची निवडही उगाच केलेली नाही. त्याचा शिल्पकार बार्तोल्दी फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या एका बंधुसंघटनेचा सदस्य होता आणि १८८४ मध्ये चौथऱ्याची कोनशिलाही मेसन मंडळींच्या विधीनेच बसवली गेली. कथेतील गुप्त मंडळाचे बीज इथे आहे. पुतळ्याचा तांब्याचा पत्रा अडीच मिलिमीटरसुद्धा जाड नाही. एवढ्या अवाढव्य बाईची ही पातळ कातडी आयफेल टॉवरवाल्या आयफेलच्या लोखंडी सांगाड्यावर टांगलेली आहे. आत पोकळ म्हटल्यावर काहीतरी दडवायचा मोह पटकथाकाराला होणारच.

देझाकींची खूण म्हणजे थिजलेली चौकट. ऐन धावपळीत दृश्य थांबते आणि त्याच क्षणाचे हाताने रंगवलेले, खडूच्या रेघांचे चित्र समोर येते. चाहते याला 'पोस्टकार्ड स्मृती' म्हणतात. त्यांच्याच बॉक्सिंगवरच्या 'आशिता नो जो' मालिकेमध्ये ही युक्ती गंभीर भासते, तर इथे ती चोरांच्या उनाडपणाला भारदस्त करून सोडते.

जपानी शीर्षकाच्या शेवटी 'किकी इप्पात्सु' असे शब्द येतात. मूळ वाक्प्रचारातील चिन्ह 'केसा'चे, म्हणजे संकट केसभर अंतरावर आलेले. इथे त्याच उच्चाराचे 'गोळी'चे चिन्ह घातले आहे. ही शाब्दिक चलाखी १९६४ साली जपानमध्ये एका जेम्स बाँडपटाच्या नावात केली गेली होती, तिथूनच ती उचललेली. चोराच्या चित्रपटाचे नावही चोरीचे!

यानंतर २०१३ पर्यंत जवळजवळ दरवर्षी असा एक चित्रपट येत राहिला. पुढच्या दोन चित्रपटांत हेमिंग्वेचे कागद आणि नेपोलियनचा शब्दकोश होते, म्हणजे खजिन्याला इतिहासातील नामांकित धनी जोडण्याची रीत इथूनच पडली. देझाकींनी एकूण पाच चित्रपट केले. यामादा १९९५ च्या मार्चमध्ये वारले आणि नकलाकार कानइची कुरिता यांनी ल्युपँचा आवाज उचलला. कोबायाशी मात्र २०२१ पर्यंत जिगेन म्हणून बोलत राहिले.