आलिस गी ही नुसती सेक्रेटरी नव्हती

सिनेमाच्या इतिहासात आलिस गी या फ्रेंच बाईंचं नाव निघालं की 'गोमाँ या फ्रेंच सिनेमा कंपनीतली सेक्रेटरी, हौस म्हणून एकदोन फिती काढल्या' असं अजूनही सांगितलं जातं. हे चूक आहे.

१८९४ साली त्या सेक्रेटरी म्हणून लागल्या, एवढं खरं. पण १८९६ मध्ये त्यांनी मालकांकडे गोष्ट रचून चित्रित करायची परवानगी मागितली. ती मिळाली, पण ऑफिसचं काम अडता कामा नये या अटीवर. कोबीच्या गड्ड्यांतून बाळं काढणाऱ्या परीची ती छोटीशी फीत. पुढची दहा वर्षं गोमाँची चित्रनिर्मिती त्यांच्याच हाताखाली चालली. लिहिणं, नट निवडणं, दिग्दर्शन, सगळंच.

मग गैरसमज आला कुठून? १९०६ चा त्यांचा ख्रिस्तचरित्रपट घ्या. पंचवीस दृश्यं, शेकडो माणसं. नंतरच्या इतिहासकारांनी तो चक्क त्यांचे सहायक व्हिक्टोरिन जासे यांच्या नावावर टाकला! कंपनीच्या इतिहासातूनही बाई गळाल्या.

अमेरिकेत १९१० साली त्यांनी सोलॅक्स ही स्वतःची कंपनी काढली, पुढे न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथे स्टुडिओ उभारला. तिथे नटांसाठी मोठी पाटी होती : 'सहज वागा'. मूकपटांतल्या भडक हातवाऱ्यांच्या त्या काळात ही केवढी मोठी समज!

उतारवयात त्या आपल्याच फिती शोधत हिंडल्या, हाती फारसं काही लागलं नाही. १९६८ साली त्या गेल्या. आत्मचरित्र छापून आलं १९७६ मध्ये.