घाटात कमी पडते ती हवा

खोपोली सोडून बोरघाट चढू लागलेला ट्रक वळणाशी बाजूला उभा, बॉनेट उघडं, रेडिएटरवर ओलं पोतं आणि क्लीनर रिकामा डबा घेऊन झऱ्याच्या शोधात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने ये-जा केलेल्यांना हे चित्र पाठ आहे. शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं वाहायला गाडी थांबवायची रीतसुद्धा इंजिनाच्या पथ्यावरच पडत असणार. पाणी ओतलं की काटा खाली येतो, गाडी निघते आणि दोन वळणांनंतर पुन्हा तेच. कारण टाकीत पाणी असूनही गाडी तापत असेल, तर बहुतेक वेळा कमी पडत असते ती हवा.

टाटाचा १२१० घ्या. एकूण वजन १२ टन आणि ताकद सुमारे १०० अश्वशक्ती, हे त्याच्या नावातच आहे. चढावर पूर्ण जोर लावला की डिझेलमधल्या उष्णतेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. म्हणजे घरातले दोन किलोवॉटचे पंचवीस-तीस गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं. पाणी ही उष्णता फक्त वाहून नेतं, टाकायची असते ती हवेतच. आणि हवा फार विरळ. १ लिटर पाणी १ अंशाने तापताना जेवढी उष्णता घेतं, तेवढी घ्यायला सुमारे ३,५०० लिटर हवा लागते. सपाट रस्त्यावर ती समोरून आपोआप येते. घाटात वेग दहा-पंधरा किलोमीटरवर येतो, त्यात दुपारी समुद्राकडून येणारा पश्चिमेचा वारा पुण्याकडे चढणाऱ्या गाडीच्या पाठीवर. समोरून येणारी हवा जवळपास शून्य, सगळी भिस्त पंख्यावर.

अगदी सुरुवातीला हवेचा कोणी फारसा विचारच केला नव्हता. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकीत पाणी सरळ उकळू द्यायचे आणि उडालं तेवढं पुन्हा ओतायचे. खरी कलाटणी दिली विल्हेल्म मायबाखने. १९००च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८,०७० बारीक नळ्या, त्यांच्या आतून हवा आणि भोवतीने पाणी. आधी १८ लिटर पाणी लागे, ते ९ लिटरवर आलं. अधिक ताकदीच्या इंजिनाला निम्मं पाणी पुरलं, कारण धातूचा हवेला लागणारा पृष्ठभाग प्रचंड वाढला होता. मला वाटतं, या विषयातलं निम्मं शहाणपण या एका आकड्यात आहे.

बेंझची आणि मर्सिडीज बनवणारी डायम्लर या कंपन्या पुढे एक झाल्या. त्याच डायम्लर-बेंझचं तंत्रज्ञान घेऊन टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. पंधरा वर्षांचा करार १९६९ मध्ये संपला आणि नाकावरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे ‘टी’ आला. त्या पिढीच्या ट्रकांची रचना सरळ होती: टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, नसलेलं डिझेल इंजिन, तांब्या-पितळेचा, कथलाच्या डागाने जोडलेला जाड रेडिएटर, आणि इंजिनाच्याच बेल्टवर फिरणारे पंखा व पाण्याचा पंप. आपले मेकॅनिक या पाण्याच्या पंपाला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. इंजिनाचे फेरे निम्मे झाले की पंख्याची हवाही निम्मी. म्हणून वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवून घाट चढणारा ड्रायव्हर गाडी लवकर तापवतो, आणि वेळीच खालचा गिअर टाकून फेरे राखणारा वर पोचतो. जुने उस्ताद हे कानाने ओळखत.

गाड्या जुन्या झाल्या, माल लायसनपेक्षा जास्त भरला जाऊ लागला आणि गॅरेजांत तोडगे निघाले. सगळ्यात लोकप्रिय तोडगा थर्मोस्टॅट वॉल्व्ह, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून फेकण्याचा. तो फसवा आहे. अनेक इंजिनांत हाच वॉल्व्ह गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर थोडं पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं. दुसरा तोडगा रेडिएटरचा कोअर, म्हणजे नळ्यांची जाळी, तीन रांगांऐवजी चार रांगांचा बसवण्याचा. उपयोग होतो, पण वाटतो तेवढा नाही. चौथ्या रांगेपर्यंत पोचणारी हवा आधीच तापलेली असते आणि जाड कोअरमधून ती ओढायला पंख्यालाही जड जातं. मात्र दुरुस्तीच्या वेळी काढलेली पंख्याभोवतीची काउल पुन्हा लावली गेली नाही, याकडे कोणाचं लक्ष नसतं. काउल नसली की पंखा पुढची थंड हवा ओढण्याऐवजी कडेची गरम हवाच घुसळत बसतो. चाळीस वर्षांच्या ट्रकला नवा कोअर घेण्याआधी ही पत्र्याची कडी शोधावी.

पाण्याच्या बाजूची गोष्ट थोडक्यात. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो. रेडिएटरवाला वरची-खालची टाकी डाग सोडवून काढतो आणि नळ्यांतून सळई फिरवतो, तेव्हा तो खरवडून निघतो. दाबाचं झाकण दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झालं. ०.९ बारच्या झाकणाने पाण्याचा उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या आसपास जातो, आणि म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडणं म्हणजे चेहऱ्यावर वाफ घेणं. कूलंटमधलं ग्लायकॉल गोठणं रोखतं आणि त्यात मिसळलेली रसायनं गंज रोखतात, पण हे मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा उष्णता कमी उचलतं. कूलंट घातलं म्हणून तापणारी गाडी थंड होईल, ही आशा व्यर्थ.

१९९०च्या दशकात टर्बो आले, मागोमाग त्यांनी दाबून तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर. ताकद वाढली, पण इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसल्यामुळे रेडिएटरच्या वाट्याला येणारी हवा आधीच कोमट झाली. नव्या गाड्यांत मोठा कोअर आणि तापमानानुसार जोर धरणारा व्हिस्कस पंखा देऊन ते निभावलं. जुन्या सांगाड्यात टर्बो इंजिन चढवणाऱ्यांचा रेडिएटर मात्र बहुधा पूर्वीचाच राहतो. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सरही साधारणपणे त्याच जागी, रेडिएटरच्या पुढ्यात उभा राहतो. जुन्या ट्रकला हौसेने एसी लावायचा असेल, तर कंडेन्सर स्वतःच्या पंख्यासकट टपावर बसवावा.