रिकाम्या टेक्स्टबॉक्समागची पार्श्वभूमी

डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रामच्या स्क्रीन बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनात, स्क्रीन बांधणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतंच. प्रोग्राम कंपाइल होतो, विंडो उघडते, बटणं चालतात आणि ग्राहकाच्या नावाचा टेक्स्टबॉक्स तेवढा रिकामा राहतो. एररचा मेसेज नाही, काही बंद पडत नाही. तासभर शोधल्यावर कळतं की झॅमलमध्ये, म्हणजे स्क्रीनची मांडणी लिहायच्या भाषेत, प्रॉपर्टीच्या नावातलं एक अक्षर चुकलंय. बाइंडिंग, म्हणजे स्क्रीनवरचा घटक (कंट्रोल) आणि आतली माहिती यांची जोडणी, असं मुकाट्याने का चुकतं, याला इतिहास आहे.

माहिती एकीकडे, तिचं दिसणं दुसरीकडे आणि माहिती बदलली की दिसणाऱ्या भागाला कळवायचं, हा विचार १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) या रचनेच्या रूपाने मांडला. पण ही जोडणी हाताने लिहावी लागे. फॉर्मवर कंट्रोल ठेवायचा आणि तो थेट टेबलच्या कॉलमला बांधायचा, ही सोय विंडोजवरच्या असंख्य प्रोग्रामरांना १९९३ च्या व्हिज्युअल बेसिक ३ ने आणि १९९५ च्या डेल्फीने दिली. डेल्फीत फील्डचं नाव चुकलं तर ‘फील्ड सापडलं नाही’ अशी एरर तोंडावर यायची. २००२ साली आलेल्या विंडोज फॉर्म्समध्येही चुकीच्या नावाला बांधलं की एक्सेप्शन (चालू प्रोग्राम अडवणारी एरर) येई.

खरा बदल २००५ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट प्लॅटफॉर्मच्या २.० आवृत्तीबरोबर झाला. तोवर प्रत्येक प्रॉपर्टीसाठी ‘बदललं’ असं सांगणारा वेगळा इव्हेंट लिहावा लागे. त्याजागी ‘आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड’ आलं: सगळ्यांसाठी एकच इव्हेंट आणि त्यात प्रॉपर्टीचं नाव मजकूर म्हणून. टायपिंग खूप वाचलं, पण अवतरणचिन्हांतलं नाव कंपायलर तपासत नाही. प्रॉपर्टीचं नाव बदललं आणि हा मजकूर जुनाच राहिला, की आत माहिती बदलते आणि स्क्रीन जुनी किंमत दाखवत राहते. यावर सी शार्प भाषेत नीट उतारा मिळायला २०१२ चं ‘कॉलरमेंबरनेम’ आणि २०१५ चं ‘नेमऑफ’ यावं लागलं; त्यांच्यामुळे नाव हाताने मजकूर म्हणून लिहावं लागत नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ आलं. त्याच्या आधीच्याच वर्षी जॉन गॉसमन यांनी एमव्हीव्हीएमची (मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल), म्हणजे स्क्रीन आणि तिच्यामागची माहिती बाइंडिंगने जोडणाऱ्या रचनेची, मांडणी केली होती. आता अख्खी स्क्रीनच बाइंडिंगवर उभी राहू लागली आणि इथेच एरर गप्प झाली. कारण समजण्यासारखं आहे. विंडो बांधली जात असताना डेटाकॉन्टेक्स्ट (बाइंडिंग ज्यातून माहिती घेतं तो ऑब्जेक्ट) बरेचदा यायचाच असतो. ग्राहकाच्या पत्त्यातलं शहर दाखवायचं, तर काही ग्राहकांचा पत्ताच भरलेला नसतो. अशा दर वेळी एक्सेप्शन आलं असतं तर साधी विंडो उघडणंही मुश्कील झालं असतं. म्हणून चुकलेलं बाइंडिंग व्हिज्युअल स्टुडिओच्या आउटपुट विंडोत एक ओळ लिहितं आणि पुढे जातं. हा निर्णय मला बरोबरच वाटतो. पण ती ओळ शेकडो इतर ओळींच्या गर्दीत जाते, याची किंमत नवशिक्यांनी वर्षानुवर्षं मोजली आहे.

ती ओळ शेवटाकडून वाचावी. ‘एरर ४०’ची ओळ घ्या. शेवटी कुठला कंट्रोल आणि त्याची कुठली प्रॉपर्टी ते असतं. त्याच्या आधी कुठल्या क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये शोध घेतला ते आणि सुरुवातीला न सापडलेलं नाव. आपण नावाकडे बघत बसतो, पण नाव पुष्कळदा बरोबर असतं. शोध भलत्याच ऑब्जेक्टमध्ये झालेला असतो. लिस्टच्या आत गेलं की डेटाकॉन्टेक्स्ट व्ह्यूमॉडेल (अख्ख्या स्क्रीनमागचा ऑब्जेक्ट) राहत नाही, लिस्टच्या त्या ओळीतला आयटम होतो. डेटाग्रिडच्या कॉलमची गोष्ट आणखी वेगळी. कॉलम व्हिज्युअल ट्रीमध्ये (स्क्रीनवरच्या घटकांच्या उतरंडीत) नसतोच, त्यामुळे त्याला वारशाने डेटाकॉन्टेक्स्ट मिळत नाही आणि ‘एरर २’ येते.

एक चूक मात्र आउटपुट विंडोतही दिसत नाही आणि आपल्याकडे तिचा त्रास जास्त होतो. विंडोज भारतीय सेटिंगवर असूनही बाइंडिंगमधून आलेली रक्कम १२,३४,५६७ न दिसता १,२३४,५६७ दिसते आणि चलनाचा फॉरमॅट दिला तर रुपयाच्या जागी डॉलर येतो. डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग विंडोजची सेटिंग न बघता एलिमेंटची ‘लँग्वेज’ प्रॉपर्टी बघतं आणि ती मुळातच अमेरिकन इंग्रजी धरलेली आहे. तारखेच्या बाबतीत हे गंभीर होतं. बाइंड केलेल्या टेक्स्टबॉक्समध्ये १३/०४ टाकलं तर निदान लाल चौकट येते. ०५/०३ टाकलं तर ५ मार्चऐवजी ३ मे नोंदवला जातो आणि कुणालाच पत्ता लागत नाही. प्रोग्राम सुरू होतानाच ‘लँग्वेज’ची डीफॉल्ट किंमत चालू कल्चरवर (विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर) आणली की हे मिटतं. माझ्या मते हे प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी करून टाकावं.

साधनं हळूहळू आली. डॉटनेट ३.५ ने एकेका बाइंडिंगवर ‘ट्रेसलेव्हल’ लावून त्याची प्रत्येक पायरी बघण्याची सोय दिली. पीट ब्लॉइस यांच्या स्नूपने चालू प्रोग्रामचा व्हिज्युअल ट्री उघडून दाखवला. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ मध्ये चुकलेल्या बाइंडिंगसाठी वेगळी विंडोच आली. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर, त्याच्या नव्या अ‍ॅप्ससाठी, ‘एक्स-बाइंड’ आलं आणि नावाची चूक कंपायलरच पकडू लागला. मात्र ते डीफॉल्टने एकदाच वाचतं, त्यामुळे ‘किंमत दिसते पण बदलत नाही’ अशी तक्रार आली की आधी मोड (किंमत एकदाच वाचायची की बदलेल तशी) तपासायचा. डब्ल्यूपीएफमध्ये ‘एक्स-बाइंड’ नाही. तिथे चाळीस नंबरची ओळ अजूनही वाचावीच लागते.