मुलांची थकलेली पोटगी: वसुली अर्ज कुठे अडतो?

पोटगीचा हुकूम हातात आला की सुटलो असं वाटतं. पण बापाने पैसे भरले नाहीत तर न्यायालय आपणहून त्याच्यामागे जात नाही. थकबाकीसाठी वेगळा वसुली अर्ज द्यावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४(३) खाली. जुन्या हुकमांवर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ दिसेल. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी हे आलं.

सर्वाधिक नुकसान होतं मुदतीत. हप्ता देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा, आणि हे वर्ष हुकमाच्या तारखेपासून मोजायचं नाही, प्रत्येक हप्त्याचं वेगळं मोजायचं. पोटगी दर महिन्याच्या ५ तारखेला द्यायची आहे, मार्च २०२४ पासून थकली आणि अर्ज १० जून २०२५ ला दिला, तर मार्च ते जून २०२४ हे चार हप्ते या वाटेने आता वसूल होणार नाहीत. बाकीचे शाबूत आहेत, म्हणून "उशीर झाला" असं समजून घरी बसू नका. अर्ज चालू असताना पुढे थकलेले हप्तेही त्यातच मागता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलंय.

अर्जासोबत हुकमाची नक्कल (कलम १४७ प्रमाणे ती मोफत मिळायला हवी), महिनावार थकबाकीचा तक्ता, पासबुकाची प्रत, ओळखपत्र.

खरी अडचण त्याच्या पत्त्याची आणि मालमत्तेची. अर्जावर न्यायालयाने काढलेलं वसुलीचं वॉरंट "इसम मिळून आला नाही" अशा शेऱ्याने परत येतं, पुढची तारीख पडते, आणि शोधाशोध पुन्हा आईच्याच गळ्यात. हे संतापजनक आहे. अशा वेळी मूळ प्रकरणातलं त्याचं उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र काढा. नोव्हेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ते दोघांनाही द्यावं लागतं. नोकरी, बँक खाती, जमीन त्यात असते. त्याची नक्कल मागायचं फार थोड्यांना सुचतं. तो दुसऱ्या गावी गेला असेल तर तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही हुकमाची अंमलबजावणी मागता येते.

वॉरंटनंतरही बाकी राहिली तर महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात गेला म्हणून थकबाकी फिटत नाही. फिटते असं कुणी सांगितलं तर मानू नका.

आणि कोर्टाच्या दारात "अर्ज मागे घे, पुढच्या महिन्यात देतो" म्हणाला तर थांबा. तारखा आणि रकमा घालून दोघांच्या सहीची पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) दाखल होऊ दे. हातात रोख दिली तर कोणत्या महिन्याची, ते पावतीवर लिहा.

वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे वकील मोफत मिळतो; बाई आणि मूल, दोघांनाही उत्पन्नाची अट नाही.